मेट्रो, लोकलमध्ये तुम्ही चढता की नाही, आणि का? बेळगाव भागातल्या मंडळींनी आपापला अनुभव लिहा

तिसरं गेट:

नमस्कार मंडळी. माझं घर बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटजवळ, काम उद्यमबागेत एका फौंड्रीत हिशेबाचं. सगळं आयुष्य रुळांशेजारी गेलं, पण गावातल्या गावात फिरायला रेल्वे कधी वापरली नाही, कारण तशी रेल्वे आपल्याकडं नाहीच. गेट पडलं की स्कूटर बंद करून उभं राहायचं, एवढाच संबंध. आता तिथं वरनं पूल झालाय, तोही संबंध कमी झाला.

तर झालं असं. 10 ऑगस्ट 2025 ला बेळगाव-बेंगळूर वंदे भारतला झेंडा दाखवला आणि त्याच दिवशी बेंगळूरच्या मेट्रोच्या यलो लाईनचं पण उद्घाटन झालं, आर व्ही रोड ते बोम्मसंद्र. आमचा पोरगा होसा रोडला राहतोय, ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत. दिवाळीनंतर आम्ही दोघं पहाटेच्या वंदे भारतनं गेलो. पोरानं फोनवर सगळं समजावून सांगितलेलं, बाबा स्टेशनातनं बाहेर आला की समोर मॅजेस्टिकची मेट्रो, ग्रीन लाईन धरायची, आर व्ही रोडला उतरून यलो धरायची, होसा रोडला मी खाली उभा असतोय. आणि आम्ही काय केलं तर बाहेर आलो आणि सरळ गाडी करून गेलो. चार डाग होते, त्यात कुंद्याचे डबे, तांदळाची पिशवी, हिचा गुडघा धरलेला, बॅगा मशीनमधनं घालायच्या, मध्ये गाडी बदलायची. मेट्रोपेक्षा शेकडो रुपये जास्त गेले आणि रस्त्यात तासभर जास्त बसलो ते वेगळं.

पण पुढं पंधरा दिवस तिथं राहिलो तेव्हा घरातल्याच माणसांकडं बघत बसलो. पोरगा रोज मेट्रोनं, एक दिवस चुकत नाही. सुरुवातीला त्या लाईनीवर तीनच गाड्या होत्या, 25 मिनिटांनी एक, तेव्हा तो घड्याळ बघून घरातनं पळायचा, आता गाड्या वाढल्यात तसा जरा निवांत चहा घेऊन निघतोय. सूनबाई जयनगरकडं एका शाळेत शिकवते. तिचं अजून वेगळं. सकाळी मेट्रो, संध्याकाळी बस. मी विचारलं असं का गं, तर म्हणाली बाबा सकाळी शाळेची घंटा आहे, संध्याकाळी कसली घंटा, बस फुकट आहे. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना जून 2023 ला सुरू झाली तेव्हा तिला लगेच फायदा मिळाला नव्हता, माहेर गडहिंग्लज, आधार कार्डावर महाराष्ट्राचा पत्ता. पत्ता बदलून घेतला तेव्हापासून मिळतंय. म्हणजे बघा, बाई तीच, रस्ता तोच, दिवस पण तोच, पण सकाळचं कारण वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं. हे मला फार विचार करायला लावणारं वाटलं.

आपल्यातली किती माणसं पुण्या-मुंबईला, बेंगळूरला आहेत. मोठे तज्ज्ञ लोक प्रवासी वाढले, प्रवासी घटले असं एका आकड्यात सांगतात. मला तुमच्याकडनं आकडा नको, कारण पाहिजे. तुम्ही कधी चढलात, कधी सोडलंत, कशामुळं, आणि तुमच्याच घरातलं दुसरं माणूस का चढत नाही. बेळगावला उद्या अशी काही सोय करायची म्हटली तर आधी हे माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं.


शहापूरचा, सध्या व्हाइटफील्ड:

काका चांगला विषय काढला. मी 2019 पासून बेंगळूरला, राहायला इंदिरानगरच्या मागं, ऑफिस व्हाइटफील्डला. मार्च 2023 ला व्हाइटफील्ड ते केआर पुरम मेट्रो चालू झाली तेव्हा ऑफिसात सगळे खूश, पण बैयप्पनहळ्ळी आणि केआर पुरमच्या मध्ये दोनेक किलोमीटरचा तुकडा व्हायचा राहिला होता. म्हणजे बैयप्पनहळ्ळीपर्यंत मेट्रोनं जायचं, खाली उतरायचं, बस धरायची, टिन फॅक्टरी नावाच्या चौकातल्या त्या गर्दीतनं सरकत सरकत जायचं आणि परत वर चढायचं. मी आठ दिवस केलं आणि बाईक काढली. 9 ऑक्टोबर 2023 ला तो तुकडा जोडला आणि त्याच आठवड्यात बाईकवर कव्हर पडलं. त्रेचाळीस किलोमीटरची लाईन, मला अडवलं होतं दोन किलोमीटरनं. उतरून परत चढायचं म्हटलं की माणसाचा जीव जातो, मग ते अंतर किती का असेना.

दुसरं भाड्याचं. फेब्रुवारी 2025 ला भाडं वाढलं, जास्तीत जास्त 60 होतं ते 90 झालं. बोंबाबोंब झाली, मग काही टप्प्यांचं थोडं कमी केलं. मी सोडलं नाही कारण मला साडेनऊला बसलेलं पाहिजे, रस्त्यानं गेलो तर ते रोज होईलच असं सांगता येत नाही. पण माझे दोन रूममेट, एक खानापूरचा एक चिकोडीचा, दोघांचं ऑफिस एकाच बिल्डिंगमध्ये, त्यांनी सोडलं. एका स्कूटरवर दोघं जातात. कार्डावर 5 टक्के सूट आहे, गर्दी नसलेल्या वेळी आणखी 5 मिळते, पण दोघांची चार तिकिटं एका बाजूला आणि एका स्कूटरचं पेट्रोल एका बाजूला धरलं की ते गणित त्यांच्या बाजूनं लागत नाही. एकटा असता तर तो खानापूरचा अजून मेट्रोतच असता, हे त्यानंच सांगितलंय.


निपाणीची, पुण्यात शिकते:

आमच्या निपाणीला रेल्वेच नाही हो काका, सगळं हायवेवर. त्यामुळं पुण्याला आले तेव्हा रुळावरची गाडी म्हणजे काहीतरी लांबच्या प्रवासाची असं डोक्यात होतं.

29 सप्टेंबर 2024 ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट जमिनीखालची मेट्रो सुरू झाली तेव्हा मला वाटलं आता माझं काम झालं, कारण आमची कोल्हापूरकडची बस स्वारगेटलाच येते आणि हॉस्टेल माझं शिवाजीनगरला. पण रात्रीची बस पहाटे साडेचार-पाचला सोडते आणि मेट्रो सहाला उघडते. एक तास पिशव्या घेऊन स्टँडवर एकटीनं बसायचं की रिक्षा करायची? मम्मी फोनवरच असते, ती म्हणते रिक्षा कर. जाताना मात्र मेट्रोनंच जाते, संध्याकाळी गर्दीतनं रिक्षा हलत नाही आणि खालनं गाडी सरळ स्वारगेटला. म्हणजे गावाला जाताना मेट्रो, गावाहून येताना रिक्षा, तेव्हापासून हेच चाललंय.

कॉलेजच्या मित्रमैत्रिणींचं सांगते. विद्यार्थ्यांना 30 टक्के सूट ठेवली आणि शनिवार-रविवारी सगळ्यांनाच 30 टक्के, त्याचा आम्हाला उपयोग झाला पण खरं सांगू का, आम्ही चार जणी मिळून असलो तरच मेट्रो. एकटी असले आणि जवळच जायचं असलं तर जिने उतरा, तपासणी, प्लॅटफॉर्म, परत जिने चढा, यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात चालत पोचते. लांबचं असेल तर मेट्रो, पिंपरीला मावशी आहे तिच्याकडं जायला तर दुसरं काही सुचतच नाही आता. आणि गणपतीत! गणपतीत पुण्याचे रस्ते बंद असतात तेव्हा आयुष्यात कधी मेट्रोत न चढलेली माणसं चढतात. माझ्या हॉस्टेलच्या काकू तशाच चढल्या, आणि एकदा चढल्यावर आता मंडईला मेट्रोनंच जातात.


तिसरं गेट:

ताई, पहाटेचा तो एक तास, हे कुठल्या नकाशावर दिसणार नाही. लिहिलंस ते फार बरं केलंस. आणि त्या काकूंचं पण. पहिल्यांदा चढायलाच काहीतरी निमित्त लागतं असं दिसतंय.


गोकाकचा एम.आर.:

मी पुण्यात मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. दिवसाला दहा डॉक्टर, दहा गल्ल्या, हातात सॅम्पलची बॅग. मला मेट्रो निरुपयोगी आहे आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ज्याचं एका जागेहून एका जागी जाणं असतं त्याच्यासाठी ती आहे. कंपनी पेट्रोलचे पैसे देते, तिकिटाचे मागितले तर कुणी नाही म्हणणार नाही पण मागायचं कुणाला सुचत नाही. वर्षातनं चार-पाच वेळा, मुसळधार पावसात, पिंपरी-चिंचवडकडं मीटिंग असली की जातो.


आक्का, डोंबिवली:

मी माहेरची बेळगावची, चव्हाट गल्लीची. लग्न होऊन डोंबिवलीला आले त्याला बावीस वर्षं झाली, नोकरी फोर्टात. तुम्ही सगळे मेट्रोचं लिहिताय म्हणून मी लोकलचं लिहिते, आणि जरा लांबणार आहे.

आम्हाला कुणी विचारत नाही की लोकलनं का जाता. दुसरं आहे काय? रस्त्यानं डोंबिवली ते फोर्ट रोज जाणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. पण लोकलनं जायचं हे ठरलेलं असलं तरी कुठल्या लोकलनं, कुठल्या डब्यात, कुठल्या क्लासात हे रोज ठरवावं लागतं आणि तिथं प्रत्येकीचं वेगळं असतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले पंधरा दिवस सासूबाई स्वतः माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत यायच्या, लेडीज डबा कुठं येतो तिथं उभं करायच्या, पदर खोच म्हणायच्या. बेळगावात मी सिटीबसनं फिरलेली, मला ती गर्दी बघून रडू आलेलं. मी टिकले ती डब्यातल्या बायकांमुळं. एका जाडजूड मावशींनी हात धरून आत ओढलं आणि उद्यापासून इथंच उभी राहा म्हणाल्या. तो ग्रुप अजून आहे. डब्यात हळदीकुंकू होतं, नवरात्रात रंगाच्या साड्या, कुणाची पोरगी दहावीला तर कुणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन, सगळं एकमेकींना माहीत. मधे मला ठाण्याला चांगली नोकरी मिळत होती, जवळ होती, मी नाही घेतली. त्याला कारणं होती, पण हा ग्रुप सुटेल हे त्यातलं एक होतं, हे आज पहिल्यांदा लिहितेय.

एसी लोकलचं सांगते. 2017 च्या नाताळात पहिली एसी पश्चिम रेल्वेवर आली, आमच्याकडं नंतर. सुरुवातीला रिकाम्या जायच्या, आम्ही बाहेरनं बघायचो. मे 2022 मध्ये एका वेळच्या तिकिटाचं भाडं निम्मं केलं, 65 चं तिकीट 30 ला आलं, तेव्हापासून एसी भरायला लागली. पण भरली कुणी? ज्यांचं रोजचं नाही ते, उन्हाळ्यात म्हातारी माणसं घेऊन निघालेले, फर्स्ट क्लासवाले. आम्ही सेकंड क्लासच्या पासवाल्या होतो तिथंच आहोत, कारण आमचा खर्च महिन्याचा असतो. तिकीट स्वस्त झालं हे पासवालीच्या कानावर नुसतं येतं, तिच्या पर्सपर्यंत पोचत नाही. माझी धाकटी जाऊ आठवड्यातनं दोनच दिवस ऑफिसला जाते, बाकी घरनं काम. तिनं पास काढणंच सोडलं आणि त्या दोन दिवसांत एसीनं जाते. बघा, घर एक, स्टेशन एक.

आणि रात्र. मला कधी उशीर झाला तर मी गाडी निवडत नाही, माणसं निवडते. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतो, तो दिसला की चढते, नाहीतर ऑफिसातल्या दोघी-तिघी मिळून निघेपर्यंत थांबते. दिवसाउजेडी ज्या बाईला लोकल घरासारखी वाटते तिलाच रात्री अकराला फलाटावर पाय उचलत नाही. स्टेशनातनं बाहेर पडल्यावर घरापर्यंतचा रस्ता, तिथले दिवे, तिथं रिक्षा आहे का, हे सगळं त्यातच आलं. माझ्या पोरीला मी बावीस वर्षांत शिकलेलं सगळं शिकवलं, तरी ती रात्री निघाली की मी लोकेशन बघत जागी असते.


व्हाइटफील्डवाल्या शहापूरकराची बहीण:

आक्का तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी पण बेंगळूरला असते, मेट्रोत पुढचा डबा बायकांचा असतो, मी तोच धरते. दादाला हे कधी लिहायला सुचणार नाही, त्याला कुठलाही डबा चालतो.


चंदगडकर:

माझं वय चौऱ्याहत्तर. नातवाकडनं टाईप करून घेतोय. आमच्या चंदगड, खानापूर, बेळगाव भागातली माणसं मुंबईत गिरणीत होती, माझे वडील लालबागला, मग मी. लोकांना वाटतं मुंबईत होता म्हणजे रोज लोकलनं फिरत असणार. अजिबात नाही. गिरणी खोलीपासून हाकेच्या अंतरावर, भोंगा झाला की निघायचं, चालत. एका खोलीत गावची वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपायची, जेवण खाणावळीत. लोकल आम्हाला रविवारी लागायची, भांडुपला मेव्हणा होता त्याच्याकडं जायला, नाहीतर गावाकडं निघायचं तेव्हा.

18 जानेवारी 1982 ला संप झाला. पुढं खोली गेली, मी डोंबिवलीच्या पलीकडं भाड्यानं राहिलो, काम मिळालं ते दादरला वॉचमनचं. वयाच्या तिशीनंतर पहिल्यांदा लोकलचा पास काढला. म्हणजे मी लोकलचा प्रवासी झालो ते लोकल सुधारली म्हणून झालो नाही. काम राहिलं शहरात आणि मला शहरानं बाहेर ढकललं, म्हणून झालो. तुमच्या धाग्यात सगळे भाडं आणि वेळ लिहायलेत, ते बरोबर आहे, पण माणूस राहतो कुठं आणि त्याला तिथं राहायला कुणी लावलं, हे पण लिहा.


तिसरं गेट:

काका, नमस्कार करतो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी भाडं, जिने, सामान इथंच अडकलो होतो. आमच्या पोरानं होसा रोडला घर घेतलं ते मेट्रो येणार म्हणून, दोन वर्षं आधीच. त्याला घर कुठं करायचं ते निवडता आलं, तुम्हाला आलं नाही, आणि मोजायला गेलं तर दोघं पण रोजचे प्रवासी.


अनगोळच्या आजी:

मी वर्षातले सहा महिने बेंगळूरला असते, लेकीचं बाळ सांभाळायला. मराठी शाळेत शिकले पण अख्खा जन्म बेळगावात गेला, बाजारात, शेजारी कन्नड बोलायची सवय. त्याचा उपयोग कुठं झाला सांगते. मेट्रोत आधी कन्नडमध्ये सांगतात, मुंदिन निल्दाण अमुक, म्हणजे पुढचं स्टेशन. दरवाजा एडक्के की बलक्के, डावीकडं की उजवीकडं, ते पण कळतं. जावयाची आई नाशिकची, इंग्रजी वाचता येत नाही, कन्नड येत नाही, ती चार वेळा आली पण एकदा पण एकटी बसली नाही. मी दुपारी बाळ झोपलं की लेकीला सांगून मल्लेश्वरमला देवळात जाऊन येते, एकटी. माझं वय तिच्यापेक्षा जास्त आहे. कानाला ओळखीचं काहीतरी पडलं की माणसाला धीर येतो.

मशीनचं तिकीट मला जमत नाही, लेकीनं कार्ड भरून दिलंय, लावलं की दार उघडतं. कार्ड नसतं तर मी गेले नसते, रांगेत उभं राहून फोन दाखवायचं मला होणार नाही. दुपारी गेले की बसायला मिळतं. संध्याकाळी पाचनंतर कितीही काम असू दे, मी चढत नाही.


खानापूर तालुक्यातला एक भाऊ:

आमचं दुखण्याच्या निमित्तानं झालं. आईला परळला कॅन्सरच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं, सात महिने मुंबईत काकांकडं कांजूरला राहिलो. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातनं कॅन्सरच्या पेशंटला जाता येतं हे मला तिथं गेल्यावर दुसऱ्या एका पेशंटच्या मुलानं सांगितलं. तोपर्यंत दीड महिना टॅक्सीला पैसे घातले, इकडं म्हशी विकून गेलेलो. त्यानंतर जाताना लोकलनं नेत होतो, सकाळी आईत जीव असायचा. येताना केमो झालेला असायचा, पूल चढायचं तिच्यानं व्हायचं नाही, येताना टॅक्सीच. एकदा एका स्टेशनवर लिफ्ट बंद होती, कुठलं ते लिहीत नाही, आईला पाठुंगळी घेऊन जिना चढलो. माणसं बाजूला झाली, एकानं पिशवी घेतली, एका पोरानं वरपर्यंत पाणी आणून दिलं. आई म्हणाली परत लोकलनं नको. त्या दिवशीनंतर सकाळची लोकल पण बंद झाली आमची.

ती एक लिफ्ट चालू असती तर आम्ही पुढचे चार महिने लोकलनंच गेलो असतो. आई आता नाही. पण हे लिहायचं होतं.


तिसरं गेट:

भाऊ, काय लिहू. वाचून बराच वेळ फोन खाली ठेवला होता. माहिती वेळेत न मिळणं आणि एक लिफ्ट, एवढ्यावर सात महिन्यांचा प्रवास ठरला. हिला वाचून दाखवलं, ती म्हणाली माझ्या गुडघ्याचं पण तेच की, मला आत बसायचं भ्या नाही, वर कसं चढू त्याचं आहे.


सोमवारवाला, मूळचा वडगाव:

मी महिन्यातनं दोनदा गावाला येतो, रविवारी रात्री बेळगावातनं निघतो. सोमवारी उजाडायच्या आत बेंगळूरला. आधी मॅजेस्टिकला उतरलं की मेट्रो पाचला, तोपर्यंत चहाच्या टपरीवर नाहीतर रिक्षावाला मागेल ते. 13 जानेवारी 2025 पासून सोमवारी पहिली मेट्रो सव्वाचारला सोडायला लागले, गावाहून येणाऱ्यांसाठीच. पाऊण तासाचा बदल आहे फक्त. पण ज्यानं केला त्याला आमच्यासारखी माणसं दिसली होती, याचं मला फार समाधान वाटतं. पहिल्या गाडीत बघा, सगळ्यांच्या हातात पिशव्या, कुणाची भाकरी, कुणाचा कुंदा, कुणाचा धारवाडचा पेढा, निम्मी माणसं झोपेत. निपाणीच्या ताई, तुमच्या स्वारगेटला पण असं व्हायला पाहिजे.


हिंदवाडीकर:

सगळं वाचलं. मला वेगळं म्हणायचंय. बेळगावला मेट्रो, लोकल असलं स्वप्न बघायच्या आधी आपल्याकडं जी आहे ती बघा. देसूरला स्टेशन आहे, सांब्र्याला आहे, सुळेभावीला आहे. देसूरचे, मच्छ्याचे कितीतरी लोक उद्यमबागेत कामाला, त्यातले रेल्वेनं किती येतात? स्टेशन गावापासून बाजूला, गाडी पाळीच्या वेळेला नाही, बेळगाव स्टेशनवर उतरला की उद्यमबाग परत उलट्या दिशेला. चिकोडी रोड स्टेशनचं नाव चिकोडी, आणि चिकोडी गाव तिथनं किती लांब ते जाऊन आलेल्यालाच माहीत. रूळ आहेत म्हणून माणूस येत नाही. त्याच्या दारातनं टेंपो जातो, हात केला की थांबतो, तो सोडून तो स्टेशनपर्यंत चालत का जाईल?


तिसरं गेट:

पटलं. आमच्या फौंड्रीत देसूरकडचे सतरा जण आहेत, काल डबा खाताना विचारलं. रेल्वेनं एक पण नाही. दोघांनी कधीतरी धरून बघितली होती, पाळी सुटते तेव्हा परतीची गाडी नाही म्हणून सोडली. बाकीच्यांनी तर गाडी कधी असते हे विचारलंच नव्हतं. खानापूर-बेळगाव रोज करणारं कुणी आहे का इथं?


खानापूरची, टिळकवाडीत कॉलेज:

आहे काका, मी आणि माझा भाऊ दोघं पण. तो माझ्यापेक्षा एक वर्षानं मोठा, कॉलेज शेजारीशेजारीच. पंचवीस-सव्वीस किलोमीटर आहे. मी बसनं, तो रेल्वेनं.

मला बस फुकट, आणि खानापूर रोडनं येते तर तुमच्या तिसऱ्या गेटवरनंच येते, कॉलेजजवळ उतरता येतं. रेल्वेनं गेले तर स्टेशनातनं परत मागं चालत यायचं. पण बसला सकाळी गर्दी एवढी असते की कधी कधी दोन बसा सोडाव्या लागतात, पहिला तास बुडतो, सर ओरडतात. दादाला फुकट नाही, त्याला रेल्वेचा पास स्वस्त पडतो, बसायला जागा मिळते, अभ्यास करत येतो. पण गाडी चुकली की संपलं, पुढची वेळेत नाही, म्हणून तो माझ्या अर्धा तास आधी घरातनं बाहेर पडतो. परत येताना मात्र दोघं एकत्र येतो, जे आधी मिळेल त्यानं. अंधार पडला असला तर बसनं, आमच्याकडं स्टेशनचा रस्ता संध्याकाळनंतर ओसाड असतो, मम्मी त्या रस्त्यानं येऊ देत नाही.

मला खरं तर रेल्वे आवडते. दादाबरोबर दोन-तीनदा गेले, देसूर सोडलं की डोंगर दिसतात, पावसात तर बघतच राहावं असं असतं. मैत्रिणी पण तयार आहेत. आमच्या कॉलेजच्या वेळेला धरून एक गाडी असती आणि पहिल्या गेटजवळ कुठंतरी उतरता आलं असतं तर आम्ही सगळ्या पैसे देऊन आलो असतो, फुकटची बस सोडून.


तिसरं गेट:

बाळ, एकच विचारतो. परीक्षेच्या दिवशी कशानं जाता?


खानापूरची, टिळकवाडीत कॉलेज:

दोघं पण पप्पांच्या बाईकवरनं. पप्पा त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकतात.